‘जागल’च्या नोंदी: बुढा, पोट्टी आणि कुत्रा

१ नोव्हेंबर २०२५

दिवाळीचा चिवडा संपला, नवी वही काढली. खेळाचं नाव एकदाचं ठरलं: ‘जागल’. रात्रीची शेतराखण. कपाशीत तुरीचे तास, म्हणजे ओळी, बांधावर मचाण, अंधारातून येणारी रानडुकरं आणि रोही (नीलगायी). जनावर मारायचं नाही, हाकलायचं. सकाळी उजाडल्यावर तूर किती उभी आहे त्यावर गुण. गोदो ४ या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टू-डी, शेत वरून दिसणारं, आणि गावातल्या पोट्ट्यांच्या स्वस्तातल्या फोनवर चाललं पाहिजे.

कोड माझा, चित्रं पेंटरभाऊंची. ट्रॉलीच्या फळक्यावर वाघ काढणं आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवणं हा त्यांचा धंदा. टॅबलेटवर काढायला सप्टेंबरात शिकले, आता लेयर कसे लावायचे ते मलाच सांगतात.

पहिल्याच बैठकीत वाद. खेळायला पात्रं किती? मी म्हटलं एक. भाऊ म्हणाले, “तीन पायजे. एकटा बुढा पाहून कोण डाऊनलोड करन?” त्यांचे तिघं ठरलेलेच होते: गोफणवाला बुढा, काठी-बॅटरीवाली पोट्टी आणि कुत्रा. तूर्त यादीत तिघं लिहिले. आधी बुढा पुरा करायचा, मग बघू.

४ नोव्हेंबर

हिशोब. बुढ्याच्या हालचाली ११ निघाल्या: उभं राहणं, चालणं, पळणं, गोफण फिरवणं, सोडणं, दगड उचलणं, डबा वाजवणं, पडणं, उठणं, मचाणीवर चढणं, उतरणं. सरासरी ८ चित्रं धरली तर ८८. भाऊ धंदा सांभाळून रोज ४ काढतात, म्हणजे २२ दिवस. तिघांचे ६६. “कुत्र्याले पाय चार आहेत, त्याचे दीडपट धरा,” हे त्यांचंच म्हणणं, आणि तरी तीनचा हट्ट सुटत नाही.

मला चित्रांची भीती कमी आहे. भीती जनावरांची आहे. डुक्कर बुढ्यासमोर बरोबर वाटेल असं बसवायचं, मग तेच पोट्टीसमोर बरोबर वाटतं का पाहायचं, मग कुत्र्यासमोर. पात्र एक वाढलं की प्रत्येक जनावराचं, प्रत्येक शेताचं माप पुन्हा घ्यावं लागतं.

९ नोव्हेंबर

रविवार. भाऊंनी मुद्दा आणला: मुस्तफा.

आमच्या वयाच्या कोणालाही हा मुद्दा खोडता येत नाही. तालुक्याच्या बस स्टँडमागे व्हिडिओ गेमचं दुकान होतं, रुपयाला एक डाव. त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, कॅपकॉमचा, १९९३ चा. ते नाव आम्हाला मोठेपणी इंटरनेटवर कळलं. आमच्यासाठी खेळाचं नावच मुस्तफा. चार पात्रं होती: जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. मुस्तफा सगळ्यात चपळ, म्हणून रांग त्याच्यासाठी. खेळाला आपलं नाव चिकटवून गेला तो, नायक जॅक राहिला बाजूला.

भाऊ म्हणाले, पाहा, चार होते म्हणून मुस्तफा मिळाला. मी म्हटलं, चार होते आणि तीन कोणी घेत नव्हतं. दोन्ही खरं आहे. दादाला मुस्तफा मिळाला की मला मेस घ्यावा लागे. जाडजूड, हळू, पण हात पडला की समोरचा आडवा. चिडून घेतलेला मेसच मला पुढे आवडायला लागला. पण मशीनवर तिघं एकदम खेळायचो, तेव्हा वाटणी व्हायलाच हवी होती. ‘जागल’ एकट्यानं खेळायचा खेळ आहे. इथे वाटणी कोणाशी?

उलट उदाहरण ‘कॉन्ट्रा’, १९८७ चा. बिल आणि लान्स, एक निळा, एक लाल, बाकी उडी, गोळी, मरण सगळं सारखं. दुसरा माणूस बसायला मिळावा एवढ्यासाठी दुसरा गडी. तिथे कोणी कुरकुर केल्याचं आठवत नाही.

१६ नोव्हेंबर

काल रात्री मोठेबाबांसोबत जागलीला गेले. मिट्ट अंधार. शेताच्या कडेनं जुनी लुगडी बांधलेली, वाऱ्यानं हलली की आपणच दचकतो. काम गोफणीचा आवाज रेकॉर्ड करायचं होतं.

गोफण जवळून पहिल्यांदा पाहिली. सुताच्या दोन दोऱ्या, मधे विणलेला खोलगा. एका दोरीचं टोक बोटात अडकवलेलं, दुसरं मुठीत नुसतं धरलेलं. दगड खोलग्यात, डोक्यावरून दोन-तीन फेरे, आणि मूठ किंचित सैल. दोरीचं सुटं टोक हवेत फाटकन वाजतं, दगड कुठे गेला ते नंतर तुरीत कळतं. मोठेबाबांचं मनगट जवळजवळ हलतच नाही. मी फिरवली तर दगड मागे, आमच्याच जेवणाच्या डब्यावर.

“तुया गेमात अशीच चालवजो,” म्हणाले, “डबेच फुटतीन.”

१७ नोव्हेंबर

रेकॉर्डिंगवर मोजलं: फेरा सुरू झाल्यापासून आवाजापर्यंत १.९ सेकंद. गोदोचं गणित सेकंदाला ६० टिकांचं (टिक म्हणजे त्याच्या घड्याळाचा एक ठोका), म्हणजे ११४ टिका. मी ठेवल्या होत्या १२! ती गोफण नव्हती, पिस्तूल होतं.

११४ ठेवल्या तर कंटाळा येतो. मधला रस्ता काढला: बटन दाबून धरलं की गोफण फिरते, सोडलं की सुटते. पहिला फेरा ४८ टिकांचा, त्याआधी सोडली तर दगड पायाशी पडतो. फेऱ्यात चुकीच्या जागी सोडली तर नेम वाकडा. आता बुढा म्हणजे आधी ठरवायचं आणि मग करायचं. डुक्कर अंगावर आल्यावर गोफण उचलून उपयोग नाही, बारा पावलांवरच ओळखावं लागतं.

२३ नोव्हेंबर

बुढा पुरा झाला, वेळेच्या दोन दिवस आधी. पानठेल्यावर सात पोट्ट्यांना फोन दिला. खेळातल्या पहिल्या दोन रात्री सगळ्यांच्या डब्यावर दगड. तिसऱ्या रात्रीपासून हात बसला. एकानं रोह्यांचा अख्खा कळप तारेपलीकडे वळवला आणि ठेल्यावर असा ओरडला की पानवाल्याचा चुना सांडला.

मी मनात म्हटलं, बस, एकच पुरे. भाऊ काही बोलले नाहीत. पोट्टीची पहिली आठ चित्रं काढून पाठवली. चांगली आहेत, हीच अडचण.

२६ नोव्हेंबर

पोट्टीची पहिली आवृत्ती. आळस केला: बुढ्याचेच नियम, आकडे बदललेले. चालायला दीडपट, मार लवकर, पण जवळचा.

असं करून निभतं, हे मला माहीत आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’, १९८८. मारिओ, लुईजी, टोड आणि पीच. लुईजीची उडी उंच, टोड जमिनीतून वस्तू भराभर उपटतो, पीच हवेत थोडी तरंगते. शेत तेच, भाजी तीच, चौघांचे आकडे वेगळे. मुळात तो ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा १९८७ चा वेगळाच जपानी खेळ, त्यावर मारिओची मंडळी बसवली, तरी लोकांनी डोक्यावर घेतला. कारण उड्या मारायच्या खेळात उडी बदलली की रस्ताच बदलतो. पीचला जिथे खड्डा नाही तिथे टोडला आहे.

माझ्या खेळात खड्डे नाहीत. एका पोट्ट्यानं दोन मिनिटांत निकाल दिला: “ताई, हा तं बुढाच आहे. नुसती ओढणी घातली.”

२९ नोव्हेंबर

ओढणी काढली. पोट्टीला नव्यानं बसवलं: काठी ९ टिकांत पडते, डुकराच्या सरळ धावेतून बाजूला उडी, हातातली बॅटरी थेट डोळ्यांवर मारली की रोही जागीच थबकतो. एकटीच खेळवून पाहिली तर छान. मग बुढ्याच्या तीन रात्री, चौथ्या रात्रीपासून पोट्टी, अशी गोष्ट लावली.

सातांपैकी पाच जणांनी चौथ्या रात्री फोन खाली ठेवला. कोणी काही बोललं नाही, सरळ रीळ बघायला लागले.

मला कळलं, कारण हे माझ्यावर बेतलेलं आहे. नागपूरला असताना रूममेटच्या निन्टेन्डो स्विचवर ‘बायोनेटा ३’ खेळले, २०२२ चा. बायोनेटाचा सगळा खेळ शेवटच्या क्षणी अंग चुकवण्याचा. चुकवलं की वेळ संथ होतो. मधेच व्हायोला नावाची मुलगी हातात देतात, तिचा वेळ संथ होतो तलवारीनं वार अडवला की. अंग चुकवून काही होत नाही. बोटांना सवय एक, खेळाची मागणी दुसरी. दर वेळी ती आली की मी चहा करायला उठत असे. व्हायोला वाईट नाही. तिच्याशी गट्टी जमेपर्यंत तिला काढून घेतात, आणि परत देतात तेव्हा बोटं सगळं विसरलेली असतात.

‘डेव्हिल मे क्राय ४’ मध्ये (२००८) आणखी एक नमुना आहे. अर्धा खेळ निरोचा, मग डांटे येतो आणि जवळपास तेच रस्ते उलटे चालत येतो. डांटेची चार ढंगांची लढाई बटनागणिक बदलते, हात भरून येतो, पण तुम्ही उभे कुठे? कालच्याच दिवाणखान्यात. तिथली दारं आणि राक्षस निरोच्या हाताच्या मापानं बेतलेले आहेत असं सारखं वाटत राहतं.

म्हणजे ४ नोव्हेंबरची भीती बरोबर होती, एवढंच समाधान.

३ डिसेंबर

भाऊंना समजावायला गेले. ‘हेडिस’ दाखवला, २०२० चा: एकच राजपुत्र, हत्यारं सहा, आणि प्रत्येक हत्यारानं माणूस नवा वाटतो. चालणं, चुकवणं, मार खाणं तेच, बोटांची जमापुंजी शाबूत. पुण्यात बनलेला ‘राजी’ही त्याच वर्षीचा, एकच पोरगी, कधी त्रिशूळ, कधी धनुष्य. आपणही बुढ्यालाच काठी आणि बॅटरी देऊ. पोट्टीची चित्रं वाचतील, कुत्र्याची तर सुरूच केलेली नाहीत.

भाऊ बराच वेळ ब्रश पुसत बसले. मग म्हणाले, “बुढा उडी मारन का?” मी म्हटलं, खेळ आहे, मारेल. “मंग तो बुढा कायचा?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हत्यार बदलता येतं, वय कसं बदलणार. पण हा गोष्टीचा मुद्दा झाला, खेळाचा नाही, असं म्हणून मी उठून आले. घरी येऊन पोट्टीचं फोल्डर ‘जुनं’मध्ये टाकलं.

७ डिसेंबर

फोल्डर परत काढलं.

काल पुन्हा जागलीला गेले होते. पुनव होऊन दोन दिवस, नऊच्या पुढे चांदणं चांगलं. मोठेबाबा मचाणीवर, मी खाली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेकोटी लावत होते. साडेदहाच्या सुमारास वरून आवाज: “डाव्या अंगाले! तिसऱ्या तासात!” बॅटरी मारली. मला दिसली फक्त तूर. डिसेंबरातली तूर माझ्या डोक्याच्या वर गेलेली, बॅटरीचा उजेड पहिल्या तासाच्या पानांवरच अडून पांढरा होतो, पलीकडे काळं. “तुले दिसत नाही का व?” नाही दिसत! त्यांना वरून तुरीचे शेंडे हलताना दिसत होते, एक रेघ सरकत जावी तसे. मला खालून खुसखुस ऐकू येत होती, पाय दिसत होते, एकदा तर वास आला. ते दगड टाकत होते माझ्या डोक्यावरून, आणि डुक्कर नेमकं कुठे वळलं ते त्यांना मी ओरडून सांगत होते, कारण बुंध्याशी काय चाललंय ते वरून दिसत नाही.

एक शेत, एक डुक्कर. आम्ही दोघं वेगवेगळे खेळ खेळत होतो आणि कोणाची ताकद किती, हात किती लवकर, याचा काही संबंध नव्हता. उभं राहायची जागा वेगळी होती.

पहाटे परतताना ‘डेव्हिल मे क्राय ५’ मधला व्ही आठवला (२०१९). तो स्वतः लढत नाही, मागे उभा राहतो. त्याची जनावरं लढतात, शेवटचा घाव घालायला तेवढा पुढे येतो. राक्षस तेच, पण बघायचं कुठे हेच बदलतं. खेळताना मला तो कंटाळवाणा वाटला होता. आज त्याची माफी मागते.

१२ डिसेंबर

पाच दिवस याच्यातच गेले. बुढा मचाणीवरून उतरत नाही. चढणं-उतरणं, पळणं, पडणं, उठणं अशी पाच हालचालींची चित्रं कचऱ्यात, भाऊंना अजून सांगितलेलं नाही. त्याला सगळं शेत दिसतं, पण चांदण्यात: फक्त तुरीचे शेंडे आणि त्यांची हलचाल. डुक्कर दिसतच नाही. पोट्टी खाली, तिला बॅटरीच्या उजेडात जनावर स्पष्ट दिसतं, पण तासापलीकडचं काहीच नाही.

गोदोत पोट्टीची बॅटरी म्हणजे पॉइंटलाइट-टूडी (उजेड पाडणारा), तुरीच्या प्रत्येक तासाला लाइटऑक्लूडर-टूडी (उजेड अडवणारा). पीसीवर सुरेख. फोनवर सेकंदाला २० चित्रं सुद्धा येईनात. तुरीच्या २४ ओळींची सावली दर वेळी मोजली जाते, फोन तापून इस्त्री. उपाय गावठी केला: पोट्टीच्या जवळचे चारच तास सावली पाडतात, बाकी तासांवर सपाट काळा रंग. कोणालाही फरक कळला नाही, मलाही नाही.

कोणाला खेळवायचं ते खेळणाऱ्याच्या हाती. एक बटन, कधीही. गोष्टीनं हात ओढून नेणं बंद.

१४ डिसेंबर

भाऊंना पाच हालचालींचं सांगितलं. वाटलं होतं तेवढे चिडले नाहीत. पोट्टी राहिली म्हणून असावं.

२१ डिसेंबर

नवा घोळ. खेळणारा पोट्टीवर गेला की बुढा काय करतो? पहिल्या आवृत्तीत नुसता बसून राहायचा. पोट्टे म्हणाले, झोपला. दुसऱ्या आवृत्तीत आपण होऊन दगड मारायचा, इतका नेमका की पोट्टीला काम उरेना. हातात नसलेलं पात्र मूर्ख असलं तरी राग येतो, हुशार असलं तरी येतो.

आता तो फक्त हाका मारतो. “डाव्या अंगाले!” “धुऱ्याकडून येऊन राहिले!” आवाज मोठेबाबांचा, घरात गोधडीखाली बसवून रेकॉर्ड केला, बाहेर थ्रेशर चालू होतं. १४ हाका. आणि त्या नेहमी थोड्या उशिरा येतात, ४० टिकांनी, कारण माणूस आधी पाहतो, मग बोलतो. बुढ्यावर गेलं की उलट: पोट्टीची बॅटरी तुरीत फिरताना दिसते, जनावर दिसलं की ती तिथे दोनदा उघडझाप करते.

कुत्रा खेळायच्या यादीतून बाद. तो पोट्टीच्या पायाशी राहील आणि जनावर ज्या बाजूला तिकडे तोंड करून भुंकेल. खाली उभं राहणारी नजर एक झाली, दुसरी त्याच उंचीवरची कशाला? भाऊंनी याला मात्र खळखळ केली. शेवटी शेपटीची सहा जादा चित्रं देऊन तोडगा निघाला.

२८ डिसेंबर

पानठेला, तेच सात. या वेळी फोन कोणी खाली ठेवला नाही. दोघं जण सारखे बटन बदलत होते, एक तर हाक आली की वर, बॅटरी लुकलुकली की खाली. एकानं अख्खी रात्र पोट्टीवरच काढली, बुढ्याला हातही लावला नाही, आणि त्याची तूर सगळ्यात जास्त वाचली. हे मला खुपतंय. हाका इतक्या चांगल्या झाल्या की वर जायची गरजच उरली नाही. पाचव्या रात्रीपासून वारा घालते: वाऱ्यात हाक अर्धी ऐकू येईल. शेंडेही सगळेच हलतील, म्हणजे बुढ्याचंही सोपं राहणार नाही.

रोह्याचं कोणाला काही वाटत नाही. तो तारेवरून उडी मारून येतो, वरूनही दिसतो, खालूनही. दोघांनाही सारखाच दिसणारा शत्रू या खेळात फुकट. काढून टाकावा का, की फक्त कपाशीच्या उघड्या भागात ठेवावा? ठरलं नाही.

५ जानेवारी २०२६

लाईन रात्रभर कमी-जास्त होत होती, चार्जर गेला. वाऱ्याचं दोन दिवसांचं काम लॅपटॉपातच अडकलं, कारण गच्चीवर चढून रेंज पकडून अपलोड करायचा मी आळस केला. चार्जर यवतमाळहून येईपर्यंत तूर सोंगायला गेले. हात सोलून आले.

११ जानेवारी

मोठेबाबांना पहिल्यांदा पुरा खेळ दिला. चष्मा लावला, बुढा निवडला आणि बसले. बराच वेळ काहीच करेनात. मला वाटलं बटन कळलं नाही, सांगायला पुढे झाले तर हातानंच थांबवलं. चार मिनिटं एकही दगड नाही. नुसते शेंडे बघत होते. मग एकदा गोफण फिरवली, दोन फेरे, सोडली. डुक्कर वळलं.

माझी चाचणी करणारे सातही जण दगडांचा पाऊस पाडतात. तीस दगड मी दिलेत, ते तीसही संपवतात, म्हणून मी तेवढे दिले होते.

रात्र संपल्यावर कोपऱ्यातला आकडा त्यांनी बोटानं दाखवला. “हे काय?” म्हटलं, तीसपैकी उरलेले दगड. “तीस? मचाणीवर तीस दगड कोण नेते व? दुपट्ट्यात दहा-बारा मावते.”

मग पोट्टीवर जायचं बटन विचारलं, खाली गेले, तुरीत फिरले, दोनदा डुकराची धडक खाल्ली आणि परत वर आले. “खाली लय अंधार आहे,” म्हणाले, आणि फोन दिला.

दगड ३० चे १२ केले. खाली पडलेले दगड पोट्टीनं वेचून मचाणीवर पोचवायचे. भाऊंना वेचण्याची ८ चित्रं सांगितली, उद्यापासून.